वर फायबर, खाली पत्रा

फोक्सवॅगन बीटलचे बोल्ट सोडले की तिचं वरचं अंग अख्खं उचलून बाजूला ठेवता येतं, आणि खाली जे उरतं ती मोटारच असते. मधोमध पत्र्याचा पोकळ बोगदा, त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची जमीन, पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन, मागे गिअरबॉक्स आणि त्याच्याही मागे हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं आडवं इंजिन. स्टिअरिंग जागेवर, ब्रेक जागेवर. बसायला एखादं खोकं ठेवलं तर हा सांगाडा चालवत नेता येईल. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला इथल्या कारखान्यातून शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर जगात २ कोटी १५ लाखांहून जास्त बीटल तयार झाल्या होत्या. त्यांतल्या कितीतरींचं वरचं अंग अपघातात चेपलं किंवा गंजून गेलं आणि खालचा भाग शाबूत राहिला. कंपनीकडून अंग आणून बाकीची गाडी मालकाने स्वतः जोडायची, अशा फायबरग्लासच्या किट कारचा सगळा पसारा त्या खालच्या भागावर उभा आहे. या लेखात त्या भागाला पॅन म्हणू, कारण हे काम करणारे सगळे तेच म्हणतात.

या किट कारना आता पन्नास-साठ वर्षं होत आली. बऱ्याच गोठ्यांत, शेडमध्ये, घरामागच्या गवतात पडून आहेत, आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणणारी माणसंही आहेत. त्यांच्यात एक जुना वाद आहे. काहींना गाडी होती तशीच उभी करायची असते. काही म्हणतात, जी गाडी मुळातच मालकाने आपल्या मनाप्रमाणे जोडली तिला 'होती तशी' म्हणण्यात अर्थ काय. हवं ते बदला. मला वाटतं, दोघांचंही अर्धं खरं आहे. आकार, रंग, आसनं, दिवे यांत हवी तेवढी मोकळीक घ्यावी. पण पॅनची सरळ रेष आणि इंजिनावरून जाणाऱ्या हवेची वाट या दोन बाबतींत मोकळीक घेतलेली गाडी टिकत नाही. ते का, हे समजायला या गाड्या कशा झाल्या तिथून सुरुवात करावी लागते.

फायबरची अंगं आधीपासूनच होती. कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकात बिल डेव्हिन वेगवेगळ्या मापांची अंगं साच्यातून काढून विकत होते, आणि १९५८च्या सुमाराची त्यांची 'डेव्हिन डी' फोक्सवॅगन किंवा पोर्शच्या इंजिनासाठीच होती. पण ही कल्पना घराघरांत नेली ब्रूस मेयर्स यांनी. जन्म १९२६चा, लॉस एंजेलिसचा. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन नौदलात होते. मे १९४५मध्ये 'बंकर हिल' या विमानवाहू नौकेवर जपानी आत्मघातकी विमानं आदळली तेव्हा ते तिच्यावर होते. पुढे कलाशिक्षण घेतलं, समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा नाद लागला, आणि पोटापाण्यासाठी ते फायबरच्या शिडाच्या नौका बांधू लागले. त्या काळी तिथली तरुण मंडळी जुन्या मोटारींचे पत्रे कापून, रुंद चाकं लावून वाळूच्या टेकड्यांवर धावत. मेयर्सनी १९६४मध्ये न्यूपोर्ट बीचच्या आपल्या गॅरेजमध्ये नौकेच्याच पद्धतीने एक उघडं, आखूड, फुगीर मडगार्डांचं अंग साच्यातून काढलं आणि त्याला फोक्सवॅगनचं इंजिन व सस्पेन्शन जोडलं. ही मेयर्स मँक्स, वाळूवर धावणारी बग्गी. पहिल्या लाल गाडीला सगळे 'ओल्ड रेड' म्हणतात.

कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या येताना ज्यांनी पाहिल्या त्यांना मेयर्सची रीत अनोळखी वाटणार नाही. साच्याला आधी मेणाचा हात, मग रंगीत जेलकोट, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, थरावर थर, आणि सुकल्यावर साच्यातून सोडवणं. रंग वरून मारलेला नसतो. तो पहिल्या थरातच मिसळलेला असतो. जुन्या मँक्सच्या अंगात चमकीचे कण दिसतात तेही त्या थरातले. पुढे दुरुस्तीच्या वेळी हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो.

पहिल्या बारा मँक्स बीटलच्या पॅनवर नव्हत्याच. फायबरचं अंग हाच सांगाडा होता आणि सस्पेन्शन थेट त्याला जोडलेलं होतं. ते करायला महाग पडत होतं आणि गिऱ्हाइकाला घरी जोडायला अवघड जात होतं. म्हणून मेयर्सनी सुधारित अंग बीटलच्या पॅनवर बसेल असं केलं. मात्र पॅन १४¼ इंच कापून आखूड करायचा. इथून किट खऱ्या अर्थाने घरगुती झालं. १९६७च्या एप्रिलमध्ये मेयर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात ला पाझ ते तिहुआना हे अंतर मँक्सने ३४ तास ४५ मिनिटांत कापलं आणि मोटारसायकलचा आधीचा विक्रम पाच तासांहून अधिक फरकाने मोडला. त्याच वर्षाच्या शेवटी 'मेक्सिकन १०००' ही पहिली शर्यत झाली आणि तीही व्हिक विल्सन व मँगल्स यांनी मँक्सनेच जिंकली. वाळवंटातल्या खडकांवर फायबरचं हलकं अंग आणि पाण्याची गरज नसलेलं इंजिन यांची जोडी किती चोख आहे, हे जगाला कळलं.

कळलं तसं ते चोरलंही गेलं. साचा मारायला एक तयार अंग पुरतं. मेयर्सच्या कंपनीची किट पाच-सहा हजारांच्या घरात विकली गेली, आणि नकलांचा अंदाज दोन लाखांच्या पुढे जातो. मेयर्स न्यायालयात गेले, पण त्यांचं पेटंट तिथे टिकलं नाही. १९७१मध्ये कंपनी बंद झाली. तीसेक वर्षांनी त्यांनी ती पुन्हा सुरू केली, २०२०मध्ये विकली, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले. ज्या माणसाने एवढ्या लोकांच्या हातात पाना दिला त्याच्या पदरात त्या मानाने फार थोडं पडलं, याची हळहळ वाटते. आज जुनी बग्गी हाती आली की ती खरी मँक्स की नक्कल, हा पहिला प्रश्न असतो तो यामुळेच.

बग्गीच्या बरोबरीने दुसरी शाखा वाढली ती बंद, बुटक्या, स्पोर्ट्स कारसारख्या दिसणाऱ्या किटची. कॅलिफोर्नियातली फायबरफॅब, मिनेसोटातली ब्रॅडली जीटी. इंग्लंडमध्ये १९७१ साली रिचर्ड ओक्स यांनी आखलेली नोव्हा तर दारांशिवायची. आत शिरायचं तर छप्परच अख्खं वर उचललं जातं. हे एकच अंग अमेरिकेत स्टर्लिंग, ऑस्ट्रेलियात पर्व्हिस युरेका आणि दक्षिण आफ्रिकेत ईगल या नावांनी निघालं. ब्राझीलमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे परदेशी मोटारी आणणं कठीण होतं आणि बीटलचे भाग मुबलक होते, त्यामुळे फायबरचा व्यवसाय घरगुती किटवर न थांबता कारखान्यांत गेला. पूमा ही सुंदर छोटी कूपे १९६८पासून फोक्सवॅगनच्या यंत्रणेवर बनू लागली. झुआंव गुर्जेल यांनी पोलादी नळ्यांची जाळी फायबरमध्ये गुंफून अंग तयार करायची रीत काढली. तिसरी शाखा पोर्श ३५६ स्पीडस्टर आणि ५५० स्पायडर यांच्या प्रतिकृतींची. या गाड्या देखण्या असतात, त्यांत कसबही असतं. पण त्यांचं सगळं लक्ष आपण मूळची कोण हे झाकण्याकडे असतं. मला नोव्हा किंवा मँक्स जास्त मोलाची वाटते, कारण तिचा आकार तिचा स्वतःचा आहे.

आता मूळ रूपाचा प्रश्न. कारखान्यातून आलेल्या मोटारीला एक प्रमाण असतं: अमुक वर्षी अमुक रंग, अमुक कापड, अमुक नंबरचं इंजिन. किट कारला ते नसतं. कंपनीने अंग पाठवलं, सोबत जोडणीचं पुस्तक दिलं, बाकीचं मालकाने जमवलं. मागचे दिवे एका गाडीचे, काच दुसरीची, बिजागऱ्या तिसरीच्या. त्यामुळे अशी गाडी उभी करणाऱ्याचं सुरुवातीचं बरंचसं काम शोधाशोधीचं असतं: हा दिवा कुणाचा, ही काच कुठली. आणि त्यातून त्या पहिल्या जोडणाऱ्याचा हात दिसू लागतो. कुणी डॅशबोर्डवर घरचं लाकूड बसवलेलं असतं, कुणी सुबक वेल्डिंगने स्वतःचा रोल बार केलेला असतो. हे कसब चांगलं असेल तर ते ठेवावं असं माझं ठाम मत आहे. 'द थॉमस क्राउन अफेअर' (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन समुद्रकिनाऱ्यावर पळवतो ती मँक्स भरपूर बदललेली होती. तिच्यात बीटलऐवजी शेवरले कॉर्व्हेरचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. २०२०मध्ये ती लिलावात ४ लाख ५६ हजार डॉलरला गेली. म्हणजे सगळ्यात नावाजलेली मँक्ससुद्धा किटच्या पुस्तकाबाहेरची आहे, आणि तिला बीटलचं इंजिन बसवून 'मूळ रूपात' आणायची कल्पनाही कुणी करणार नाही.

पण हे झालं वरचं. फायबर गंजत नाही, आणि नेमकं त्यामुळेच या गाड्या फसवतात. वरचं अंग पॉलिश मारून झळकत असतं आणि खालचा पॅन चाळण झालेला असतो. बीटलची बॅटरी मागच्या आसनाखाली उजवीकडे असते; तिथे सांडलेल्या ॲसिडने पत्रा हमखास खाल्लेला सापडतो. पुढच्या टोकाला जिथे सस्पेन्शनचा आडवा बीम बोल्टांनी बसतो तिथे पाणी-चिखल साचतो. जमिनीचे दोन्ही अर्धे कापून नवे वेल्ड करता येतात, ते बाजारात मिळतात. बोगदा मात्र तपासायला कठीण. त्याच्या आतून क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली जातात, गिअरचा दांडा जातो आणि पेट्रोलची नळीही जाते. ती नळी आतल्या आत गंजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पॅन सुटा केला असेल तर ही नळी बदलूनच पुढे जावं.

दुसरी गोष्ट ताठरपणाची. मूळ बीटलमध्ये अंगाच्या दोन्ही कडांच्या पेट्या पॅनला बोल्टांनी आवळल्या की दोन्ही मिळून ताठ होतात. अंग काढलं की पॅन एकटा पिळवटतो. फायबरचं अंग तो ताठरपणा तेवढा देत नाही, म्हणून चांगल्या किटमध्ये पोलादी नळीची चौकट असते. काहींत ही चौकट फायबरमध्येच गाडलेली असते. आत पाणी शिरलं की पोलाद गंजून फुगतं आणि भोवतीचं फायबर थरांथरांनी सुटतं. वरून लांबी भरून हे झाकलेलं असू शकतं. म्हणून अंग बोटांच्या पेरांनी ठोकत, आवाज ऐकत जावं. भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द.

आखूड केलेला पॅन हा तर स्वतंत्र परीक्षेचा विषय. बोगदा आणि जमीन आडवी कापून, मधला तुकडा काढून, पुन्हा जोडलेली असते, आणि हे काम १९६०-७०च्या दशकात अनेकांनी घरच्या वेल्डिंग मशीनवर केलं. तो जोड नीट तासून, उजेडात पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. पुढची आणि मागची चाकं एका रेषेत आहेत का हे दोन्ही कर्ण मोजून पाहायचं. कर्णांत फरक आला तर गाडी कायम एका बाजूला ओढत राहणार आणि टायर खाणार. आखूड पॅन म्हणजे गिअरचा दांडा, केबली, ब्रेकच्या नळ्या, सगळंच आखूड. जुन्या मालकाने केबल कापण्याऐवजी गुंडाळी करून ठेवलेली असेल तर क्लच जड लागतो, त्याचं कारण तिथे शोधावं.

मागच्या टॉर्शन बारची, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याची, गोष्ट कुतूहलाची आहे. बारच्या आतल्या टोकाला ४० दाते असतात, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता पुढे आणि बाहेरचा एक दाता मागे सरकवला तर कोनात जेमतेम ५० मिनिटांचा, म्हणजे एका अंशाहूनही कमी फरक पडतो. बीटलच्या वजनासाठी लावलेला बार फायबरच्या हलक्या अंगाखाली तसाच ठेवला तर गाडीची मागची बाजू उंच राहते, आणि जुन्या स्विंग ॲक्सलच्या गाड्यांत तर मागची चाकं खाली आतल्या बाजूला वळल्यासारखी दिसतात. वळणावर ते धोक्याचं आहे. दात्यांचा हिशेब करून बार पुन्हा बसवणं हे तासाभराचं नव्हे, दिवसाचं काम असतं, पण गाडीची चाल त्याने पुरती बदलते. पुढची बाजू हलकी झाल्याने पावसात पुढची चाकं लवकर जाम होतात हेही ध्यानात ठेवून ब्रेकचा समतोल पाहावा लागतो.

फायबरच्या दुरुस्तीत सर्वांत मोठी चूक लांबी भरण्याची. चीर दिसली की वर लांबी, वर प्रायमर, वर रंग. सहा महिन्यांत चीर पुन्हा वर येते. चीर का पडली ते आधी पाहायला हवं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बहुधा बोल्टभोवती असतात, कारण मोठा वॉशर न घालता बोल्ट आवळला गेला. किंवा अंग त्या जागी लवत होतं आणि मागून टेकू नव्हता. कारण दूर केल्यावर जागा दोन्ही बाजूंनी निमुळती तासायची, जाडीच्या दहा-बारा पट लांबीपर्यंत, आणि मागून मॅट व रेझिनचे थर द्यायचे. जुनी अंगं पॉलिएस्टर रेझिनची असतात. त्यावर इपॉक्सी छान धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणून कोणता थर कशावर देतो आहोत हे ठरवूनच हात घालावा. हार्डनरचं प्रमाण साधारण शेकडा एक ते दोन. उकाड्यात तेवढ्यानेही डब्यातलं रेझिन हातातच घट्ट होतं, आणि पावसाळी दमट हवा तर या कामाची वैरीण. रंग काढायची रसायनं जेलकोटही खातात, त्यामुळे कष्ट पडले तरी पॉलिश पेपरनेच रंग उतरवावा. काचेची धूळ आणि रेझिनची वाफ दोन्ही फुप्फुसांना वाईट. साधा रुमाल बांधून हे काम करू नये.

जेलकोट जिवंत असेल तर त्यावर रंग मारूच नये, असं मी म्हणेन. चमकीचा मूळ थर एकदा रंगाखाली गेला की परत येत नाही, आणि तसा थर नव्याने जुळवणं आजही फार थोड्यांना जमतं. फिका पडलेला असेल तर पाण्याचा पेपर आणि पॉलिशने त्यातलं बरंच परत मिळतं. रंग मारायचाच असेल तर गडद रंगाचा मोह आवरावा. काळं किंवा गडद निळं अंग उन्हात इतकं तापतं की आतल्या मॅटची वीण पृष्ठभागावर उमटू लागते.

आता इंजिन, म्हणजे खरं तर हवा. हवेवर थंड होणारं इंजिन म्हणजे वारा लागला की झालं, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि तिने असंख्य इंजिनं खाल्ली आहेत. आपल्याकडच्या स्कूटरचं इंजिन उघडलेल्या कुणालाही ठाऊक असतं की सिलिंडरभोवतीचं काऊलिंग शोभेचं नसतं. पंख्याची हवा पाकळ्यांना घासून नेण्यासाठी ते असतं. बीटलमध्येही तसंच, फक्त जास्त विचारपूर्वक. डायनॅमोच्या दांड्यावरचा पंखा वरून हवा ओढतो, पत्र्याचं आवरण ती सिलिंडरांवर आणि हेडवर वाटून देतं, सिलिंडरांखालचे पत्रे तिला पाकळ्यांना चिकटून जायला लावतात, आणि तापलेली हवा खाली निघून जाते. इंजिनाभोवती सगळीकडून पत्रा आणि रबराची पट्टी असते, ती वरची थंड हवा आणि खालची गरम हवा यांना अलग ठेवते. आवरणाच्या आत थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या झडपा असतात. इंजिन गार असताना त्या हवा अडवतात, म्हणजे ते लवकर आणि सारखं तापतं.

किट कारमध्ये यातलं काय काय गेलेलं असतं ते पाहिलं की वाईट वाटतं. उघड्या बग्गीत इंजिन बाहेर दिसतं, म्हणून जोडणाऱ्याने 'भरपूर वारा आहे' असं समजून खालचे पत्रे फेकून दिलेले असतात. मग खालची तापलेली हवा वळून पंख्याकडे येते आणि इंजिन आपलीच उष्णता पुन्हा पुन्हा ओढतं. बंद अंगाच्या गाड्यांत उलटी अडचण: इंजिन डब्यात कोंडलेलं, हवा यायच्या फटी लहान, रबराची पट्टी बसवायला अंगात कडाच नाही. ब्रॅडली असो की नोव्हाच्या कुळातली कोणतीही गाडी, पहिलं काम हेच की इंजिनाभोवती फायबरची किंवा ॲल्युमिनियमची कड तयार करून रबर बसवायचं आणि आत येणाऱ्या हवेला पुरेशी मोठी वाट करून द्यायची. हे बदल कुणाला दिसणार नाहीत, त्यांचं कौतुक होणार नाही. पण पुन्हा उभ्या केलेल्या गाडीत सर्वांत मोलाचं काम हेच असतं. क्रोमचं चकचकीत आवरण काढून साधा मॅट काळा रंग दिलेला पत्रा बसवावा, कारण काळा पत्रा उष्णता जास्त चांगली बाहेर टाकतो.

या इंजिनाचा तिसरा सिलिंडर कायम जास्त तापतो. जुन्या रचनेत ऑईल कूलर आवरणाच्या आत त्याच्याच वाटेत असतो, म्हणून त्याला आधीच गरम झालेली हवा मिळते. कंपनीने त्या सिलिंडरची ठिणगी किंचित उशिरा पडेल अशीही सोय केली होती. १९७१च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढून त्याला स्वतःची वाट दिली गेली. जुनं इंजिन उघडलंच असेल तर ही नंतरची व्यवस्था बसवून घ्यावी. मूळ रूपाच्या आग्रहापायी जुनी ठेवण्यात मला काही पुण्य दिसत नाही. टॅपेटचं अंतर गार इंजिनावर ०.१५ मिलिमीटर ठेवायचं आणि वरचेवर तपासायचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लांबत गेला की अंतर घटतं, व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो, आणि कधी मान तुटून सिलिंडरमध्ये पडतो. ऑईल जेमतेम अडीच लिटर, त्याला कागदी फिल्टर नाही, जाळी आहे; म्हणून ५,००० किलोमीटरच्या आत ते बदलायचंच. क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. पुली हाताने पुढेमागे ढकलून पाहावी. ठकठक जाणवली तर बेअरिंगच्या बैठकी झिजल्या आहेत आणि इंजिन बांधायचा खर्च हिशेबात धरावा.

ताकद वाढवायची हौस सगळ्यांना असते. मूळ १५८४ सीसीचं इंजिन मोठे पिस्टन घालून १७७६ किंवा १९१५ सीसीचं करता येतं. हलक्या अंगाला १७७६ भरपूर झालं. त्यापुढे गेलं की उष्णता वाढते, पातळ भिंतींचे सिलिंडर लवकर झिजतात आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. कॉर्व्हेरचं इंजिन बसवायचं तर ते उलट्या दिशेने फिरतं हे विसरून चालत नाही. गिअरबॉक्समधली मोठी रिंग दुसऱ्या बाजूला बसवली नाही तर गाडीला चार गिअर मागे जायला आणि एक पुढे जायला मिळतो. पाण्यावर थंड होणारी सुबारूची इंजिनंही लोक बसवतात. ती भरवशाची असतात, पण पुढे रेडिएटर, मधून नळ्या, आणि मग या गाडीचा मूळ साधेपणा संपतो.

वायरिंगबद्दल एवढंच: फायबरमधून अर्थिंग मिळत नाही. पत्र्याच्या गाडीत एक तार पुरते, इथे प्रत्येक दिव्याला परतीची तार लागते. दिवे मिणमिणत असतील तर बल्ब बदलण्याआधी ती तार पाहावी. आगीचा धोका मात्र गंभीर आहे. जुनी रबरी पेट्रोल नळी तडकते, पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकतं, आणि मग रेझिन जळतं, मॅग्नेशियमही जळतं. नळ्या नव्या, क्लिपा नव्या, फिल्टर इंजिनापासून दूर, आणि हाताशी अग्निशामक सिलिंडर. यांत काटकसर नको.

उरला कायदा, आणि तिथे देशादेशांत मोठं अंतर आहे. कॅलिफोर्नियात स्वतः जोडलेल्या गाड्यांसाठी वर्षाला ५०० जणांना प्रदूषण चाचणीत सवलत देणारी तरतूद आहे. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गुणांची पद्धत राहिली: मूळ चासीला ५ गुण, इंजिनाला १, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, जुना नंबर टिकवायला ८ लागत. पॅन कापून आखूड केला की चासीचे गुण गेले, आणि गाडीला एकेका वाहनाची कसून तपासणी करणाऱ्या आयव्हीए चाचणीला सामोरं जावं लागे. बग्गीची ओळखच तिच्या कापलेल्या पॅनमध्ये असल्यामुळे तिथल्या शौकिनांना हा नियम फार जाचला.

भारतात दार जवळपास बंद आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. जुलै २०२१च्या व्हिंटेज नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, पण अट अशी की चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे महाराष्ट्रात कुणाकडे बीटल असेल तर ती बीटल म्हणूनच जपावी. तिचा पॅन कापून बग्गी करणं कायद्याच्याही विरोधात आणि त्या दुर्मीळ गाडीवरही अन्याय. दुसरीकडे, मान्यताप्राप्त विजेचं किट बसवायला आता कायद्यात वाट आहे. अशी किट तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. इंग्लंडच्या आयव्हीएसारखी, एकाच गाडीचं वेल्डिंग, ब्रेक, दिवे आणि सीटबेल्टच्या खुंट्या पाहून निकाल देणारी तपासणी तिथे सुरू व्हावी आणि फी भरून ती कुणाही हौशी माणसाला करून घेता यावी, ही मागणी मराठी मोटारशौकिनांनी आता करायला हवी.